यादीत नाव नसलेला मुलगा

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





थोड्या वेळापूर्वी या व्यासपीठावरून बक्षीसपात्र विद्यार्थ्यांची यादी वाचली गेली. नाव पुकारले की टाळ्या पडत होत्या आणि पालकांच्या रांगेत कुणीतरी डोळ्यांना पदर लावत होते. त्या सर्व मुलामुलींचे मी मनापासून अभिनंदन करतो. पण खरे सांगू? यादी वाचली जात असताना माझे लक्ष मागच्या रांगांकडे होते. शाळेत जेवढी मुले आहेत त्यांतली फार थोडी आज इथवर चालत आली. बाकीची टाळ्या वाजवीत बसली. आज मी जे चार शब्द बोलणार आहे ते त्या टाळ्या वाजवणाऱ्या मुलांसाठी आहेत, त्यांच्या आईवडिलांसाठी आहेत, आणि याद्या करणाऱ्या आम्हा शिक्षकांसाठीही आहेत.

माझा विषय फुटबॉलचा आहे. आपण कोल्हापूरची माणसे. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने लागले म्हणजे शेवटच्या तासाला वर्गात किती मुले उरतात ते माझे हजेरीपुस्तक मला सांगते. तेव्हा फुटबॉल म्हणजे काय, हे तुम्हाला शिकवण्याची गरज नाही. मी एका अशा माणसाची हकीकत सांगणार आहे, जो सतरा वर्षे फुटबॉल खेळला आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे दुसऱ्यांना खेळवीत राहिला. त्यांचे नाव ॲलेक्स फर्ग्युसन. इंग्लंडच्या राणीने १९९९ साली त्यांना ‘सर’ हा किताब दिला. आम्हा मास्तरांना तुम्ही तो किताब फुकटच देता, त्यांना त्यासाठी सत्तावन्न वर्षे थांबावे लागले!

फर्ग्युसन यांचा जन्म ३१ डिसेंबर १९४१ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात, गोव्हन नावाच्या भागात झाला. क्लाइड नदीच्या काठचा हा भाग जहाजे बांधण्यासाठी प्रसिद्ध होता. भोंगा झाला की रस्ते माणसांनी भरून जात. वडील जहाजबांधणीच्या कारखान्यात कामगार होते. घरात दोन मुलगे, आणि हातातोंडाची गाठ घालणारा पगार. आपल्यापैकी अनेकांच्या घराचे चित्र याहून निराळे नाही.

प्राथमिक शाळेत त्यांना एलिझाबेथ थॉमसन नावाच्या शिक्षिका होत्या. कडक बाई. त्या काळी तिथल्या शिक्षकांजवळ छडीऐवजी चामड्याचा एक पट्टा असे, आणि छोट्या ॲलेक्सच्या हाताला तो चांगला परिचयाचा होता. पण याच बाईंनी आपल्यात जिद्द पेरली असे फर्ग्युसन आयुष्यभर सांगत आले. मोठेपणीही त्यांनी बाईंशी संबंध तोडला नाही. बाई वारल्या तेव्हा त्यांनी मृत्युपत्रात तो पट्टा आपल्या या विद्यार्थ्याच्या नावे ठेवला होता. मी माराची तरफदारी करीत नाही, गैरसमज नसावा. मला नवल वाटते ते एवढ्याचेच की, जगभर नाव झालेल्या माणसाला आपल्या प्राथमिक शाळेतल्या बाईंचा पट्टा हा ठेवा वाटला. पट्ट्यामागे माया होती हे त्याला लहानपणीच कळले असले पाहिजे.

शाळा संपल्यावर ॲलेक्स कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. यंत्राची हत्यारे घडवण्याचे काम तो शिकत होता. पालकांनी इकडे जरा लक्ष द्यावे. मुलगा फुटबॉल उत्तम खेळत होता. १९५८ साली, वयाच्या सतराव्या वर्षात, तो क्वीन्स पार्क या हौशी क्लबकडून मैदानात उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. तरीसुद्धा हातातली उमेदवारी त्याने सोडली नाही. दिवसा कारखाना, संध्याकाळी सराव, शनिवारी सामना, असा क्रम कित्येक वर्षे चालला. १९६० मध्ये तो सेंट जॉन्स्टन या क्लबात गेला, तोही अर्धवेळ खेळाडू म्हणूनच. पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू व्हायला १९६४ साल उजाडले. तेव्हा त्याचे वय बावीस होते आणि हातात एक पुरी शिकलेली कारागिरी होती. खेळात पाय मोडला असता तरी घराची चूल विझली नसती. ‘खेळ की शिक्षण?’ असे पालक मला विचारतात, तेव्हा मी त्यांना या बावीस वर्षांच्या टूलमेकरची आठवण देतो.

आता विद्यार्थ्यांसाठी एक गंमत सांगतो. १९६३ च्या डिसेंबरात सेंट जॉन्स्टनच्या संघात फर्ग्युसनचे बरे चालले नव्हते. राखीव संघात खेळावे लागत होते. मन इतके विटले होते की फुटबॉल सोडावा, परदेशी निघून जावे असे विचार येत होते. एका शनिवारी सामन्याला जायचेच नाही असे त्याने ठरवले आणि भावाच्या मैत्रिणीला आईचा आवाज काढून मॅनेजरला फोन करायला सांगितले: ‘ॲलेक्सला फ्लू झाला आहे.’ तुमच्यातले काही जण हसताहेत. हसा. आजारपणाची अशी चिठ्ठी कशी लिहितात ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि मलाही ठाऊक आहे! पण मॅनेजर कच्चा नव्हता. घरी तार आली. खऱ्या आईला सारा प्रकार कळला आणि तिने मुलाला फैलावर घेतले. निमूटपणे फोन करून माफी मागावी लागली. मॅनेजरने सांगितले, ‘उद्या ये, खेळायचे आहे.’ सामना होता रेंजर्सशी, त्यांच्याच आयब्रॉक्स मैदानावर. रेंजर्स म्हणजे स्कॉटलंडमधील बलाढ्य क्लब, आणि गोव्हनच्या पोरांचे दैवत. फर्ग्युसनने त्या सामन्यात तीन गोल केले. सेंट जॉन्स्टन ३-२ असे जिंकले. ज्या दिवशी घरी बसायचे ठरवले होते, तोच दिवस त्याच्या खेळाडूपणाला कलाटणी देणारा ठरला. त्या आईने खोटे झाकले असते तर? माताभगिनींनी याचा विचार करावा.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. १९६४ साली फर्ग्युसन डन्फर्मलिन या क्लबात दाखल झाला. त्याचा हंगाम चांगला गेला आणि क्लब स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात पोचला. तारीख होती २४ एप्रिल १९६५, आणि समोर सेल्टिकचा संघ होता. त्या काळी स्कॉटलंडमध्ये बदली खेळाडूचा नियमच नव्हता. अकरा जण खेळत, बाकीचे साध्या कपड्यांत पाहत बसत. सामना सुरू व्हायला तासाहूनही कमी वेळ उरला असताना मॅनेजर विली कनिंगहॅम यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत यादी वाचली. तीत फर्ग्युसनचे नाव नव्हते. आधी कोणी सूचना दिलेली नव्हती आणि बाजूला घेऊन कोणी सांगितलेही नव्हते. सर्वांच्या देखत नाव नसल्याचे कळले. क्लबचे चेअरमन समोर असतानाच त्याच्या तोंडून शिव्या बाहेर पडल्या. डन्फर्मलिन तो सामना ३-२ असा हरले. तो सामना पाहत बसलेल्या तेवीस वर्षांच्या तरुणाच्या मनात काय चालले असेल, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी नोटीस बोर्डापाशी उभे राहून आपले नाव वरून खाली आणि पुन्हा खालून वर शोधलेले आहे.

पुढे काय झाले पाहा. चिडून त्याने बूट टांगून ठेवले नाहीत. पुढच्याच हंगामात, १९६५-६६ मध्ये, त्याने सर्व स्पर्धा मिळून ५१ सामन्यांत ४५ गोल केले. लीगमधल्या ३१ गोलांनी त्याला त्या वर्षीचा संयुक्त सर्वोच्च गोल करणारा खेळाडू बनवले. ज्याला अंतिम सामन्याच्या दिवशी अकरांत जागा नव्हती, त्याच्या पुढे वर्षभरात एकही जण नव्हता! आणि त्याच काळात त्याने आणखी एक गोष्ट केली, जी फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही. लार्ग्ज येथे भरणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकांच्या शिबिरांना तो जाऊ लागला. स्वतः ऐन भरात खेळत असताना, खेळ शिकवायचा कसा याचे शिक्षण तो घेत होता. आम्हा शिक्षकांच्या भाषेत सांगायचे तर नोकरीत असतानाच त्याने बी. एड. केले.

१९६७ साली रेंजर्सने ६५ हजार पौंड देऊन त्याला विकत घेतले. स्कॉटलंडमधील दोन क्लबांत झालेल्या व्यवहारांत एवढी रक्कम तोवर कोणी दिली नव्हती. ज्या मैदानाच्या सावलीत लहानपण गेले तिथेच आता खेळायचे! माणसाला याहून काय हवे? पण १९६९ च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात पुन्हा सेल्टिकशी गाठ पडली. सेल्टिकचा कप्तान बिली मॅकनील याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम फर्ग्युसनकडे होते. सामना सुरू होऊन दोनच मिनिटे झाली होती. कॉर्नर आला, मॅकनील मोकळा सुटला आणि त्याने डोक्याने गोल केला. रेंजर्स ४-० असे हरले. खापर फर्ग्युसनच्या माथी फुटले. त्यानंतर पहिल्या संघातून तो बाजूला पडला आणि पोरसवदा खेळाडूंबरोबर त्याला खेळावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने रेंजर्स सोडले आणि तो फाल्कर्क या लहान क्लबात गेला. तिथला मॅनेजर कोण असेल? तेच विली कनिंगहॅम, ज्यांनी चार वर्षांपूर्वी त्याचे नाव गाळले होते. फाल्कर्कला फर्ग्युसन खेळाडूही होता आणि पुढे प्रशिक्षकाचे कामही पाहू लागला. एका माणसाने एकदा आपल्याला वगळले म्हणून जन्मभर त्याचे तोंड पाहायचे नाही, असा बाणा त्याने धरला असता तर ही वाट त्याच्यासाठी उघडलीच नसती.

१९७४ मध्ये, एअर युनायटेड या क्लबात, त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द संपली. हिशेब मांडला तर सतरा वर्षांत देशाचा कप एकदाही हाती आला नाही आणि पहिल्या श्रेणीची लीगही जिंकता आली नाही. खेळाडू फर्ग्युसनवर कोणी पुस्तक लिहिले असते तर ते पातळच निघाले असते.

त्याच उन्हाळ्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ईस्ट स्टर्लिंगशर नावाच्या क्लबाने त्यांना मॅनेजर नेमले. पगार आठवड्याला ४० पौंड, आणि तेही अर्धवेळ काम. रुजू झाल्यावर त्यांनी खेळाडू मोजले, तर संघात गोलकीपरच नव्हता! आपल्या शाळेत प्रयोगशाळा आहे, पण सामान नाही, अशी तक्रार मी जेव्हा करतो, तेव्हा मला तो गोलकीपर नसलेला संघ आठवतो. काही महिन्यांतच ते सेंट मिरन या क्लबाकडे गेले. तिथे ते ज्यांच्या जागी आले ते पुन्हा विली कनिंगहॅमच. सेंट मिरनमध्ये त्यांनी अगदी कोवळी पोरे जमवून संघ उभा केला आणि १९७७ साली दुय्यम श्रेणीतून सर्वांत वरच्या श्रेणीत नेला. बक्षीस काय मिळाले? १९७८ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. चेअरमनशी पटत नव्हते. त्यांनी न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, तिथेही हार झाली. छत्तीसाव्या वर्षी ते दुसऱ्यांदा यादीबाहेर पडले.

पण दारावर दुसरा क्लब उभाच होता. त्याचे नाव ॲबर्डीन. स्कॉटलंडची लीग म्हणजे रेंजर्स आणि सेल्टिक यांची खासगी मिळकत, असाच तोवर समज होता. १५ वर्षे तिसऱ्या कोणाला ती मिळाली नव्हती. १९८० मध्ये ॲबर्डीनने ती जिंकली, आणि १९८४ व १९८५ मध्ये पुन्हा जिंकली. ११ मे १९८३ रोजी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे, भर पावसात, ॲबर्डीनने रेआल माद्रिदला २-१ असे हरवून युरोपियन कप विनर्स कप मिळवला. जादा वेळात विजयी गोल केला तो जॉन ह्यूइट याने. हा ह्यूइट सुरुवातीच्या अकरांत नव्हता. तो बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला होता. हे लक्षात ठेवा. पुढे याचा संबंध येणार आहे.

आता फर्ग्युसन यांची एक रीत सांगतो. एखाद्या खेळाडूला वगळायचे असेल तर ते त्याला आधी बाजूला बोलावीत आणि स्वतःच्या तोंडाने सांगत. चारचौघांत सांगत नसत. ते म्हणत की कदाचित माझा निर्णय चुकतही असेल, पण आजच्या सामन्यासाठी हा संघ मला योग्य वाटतो. आणि पुढे मोठे सामने येणार आहेत, याचीही ते आठवण देत. १९६५ च्या त्या खोलीत जे त्यांना मिळाले नव्हते, तेच ते इतरांना देत होते असे मला वाटते.

पण माणसाची कसोटी इतक्यावर थांबत नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात फर्ग्युसन इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर झाले. ॲबर्डीनचा त्यांचा जुना गोलकीपर जिम लेटन यालाही त्यांनी १९८८ मध्ये तिकडे आणले. १९९० साली युनायटेड एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात पोचले. क्रिस्टल पॅलेसशी ३-३ अशी बरोबरी झाली. लेटनचा खेळ ढेपाळला होता. पाच दिवसांनी सामना पुन्हा खेळायचा होता, आणि फर्ग्युसन यांनी लेटनला वगळून लेस सीली या उसन्या आणलेल्या गोलकीपरला उभे केले. युनायटेड १-० ने जिंकले. मँचेस्टरमधला फर्ग्युसन यांचा तो पहिला कप. निर्णय बरोबर ठरला. सीलीने आपले पदक लेटनला देऊ केले. पण लेटन आणि फर्ग्युसन यांचे इतक्या वर्षांचे नाते तुटले ते तुटलेच. अंतिम सामन्यातून वगळले जाणे म्हणजे काय, हे ज्याला स्वतःच्या अंगाने माहीत होते, त्याच्याच हातून हे घडले.

मित्रहो, हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला. आपण मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगताना कडू भाग गाळतो. पण निवड करणाऱ्याला वगळावे लागतेच, आणि कितीही जपून वगळले तरी जखम होते. लेटनचेही पुढचे ऐका. तो संपला नाही. स्कॉटलंडला परत जाऊन त्याने पुन्हा आपली जागा मिळवली आणि १९९८ च्या विश्वचषकात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो आपल्या देशाचा गोलकीपर होता.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी शाळेच्या फुटबॉल संघाचे काम माझ्याकडे आले. आंतरशालेय स्पर्धेसाठी सोळा मुले निवडायची होती. नववीतला एक मुलगा दीड महिना रोज पहाटे सहाला मैदानावर यायचा. बॉलमध्ये हवा तोच भरायचा, खुणेचे दगड तोच मांडायचा. शनिवारी शाळा सुटताना मी यादी बोर्डावर लावली आणि सायकल काढून घरी गेलो. त्याचे नाव यादीत नव्हते. सोमवारी तो शाळेत आला नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. चौकशी केली तेव्हा कळले की तो मामाच्या गॅरेजात जाऊ लागला आहे. मी घरी गेलो. त्याची आई दारातच म्हणाली, ‘सर, नाव नव्हतं ते नव्हतं. पण पोराला एकदा बोलावून सांगायचं तरी. दोन दिवस जेवला नाही ओ.’ मी पुष्कळ समजावले. मुलगा काही परत आला नाही. त्याची दहावी राहिली ती राहिलीच.

आज त्याचे स्वतःचे गॅरेज आहे, बरे चालले आहे. मी स्कूटर त्याच्याकडेच नेतो. गेल्या वर्षी प्लग साफ करता करता त्याने एकाएकी विचारले, ‘सर, त्या वेळी मी कितवा होतो हो?’ मी म्हटले, ‘सतरावा.’ त्याचा हात थांबला. ‘सतरावा? म्हणजे एकाच नंबरनं? मला वाटलं तुम्ही माझं नाव धरलंच नव्हतं.’ पैसे घ्यायला तो तयार नव्हता, मी बळेच दिले. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून ते गेले नाही. पाच मिनिटांचे बोलणे मी वाचवले होते आणि त्याची किंमत एका मुलाने दिली होती. गॅरेज चालवणे कमीपणाचे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. फर्ग्युसनही हत्यारे घडवणारा कारागीरच होता. पण त्याने कारागिरी पुरी शिकून मग वाट बदलली. माझ्या मुलाने मात्र एका कागदाकडे पाहून वाट सोडली, आणि तो कागद मी लावला होता.

आता मँचेस्टरकडे परत जाऊ. १९९० चा तो कप मिळण्यापूर्वीचा काळ फार वाईट गेला होता. युनायटेडचा लीगमध्ये कधी अकरावा, कधी तेरावा नंबर येत होता. सप्टेंबर १९८९ मध्ये शेजारच्या मँचेस्टर सिटीने त्यांना ५-१ असे हरवले. प्रेक्षक ‘जा’ म्हणत होते. पण संचालकांनी धीर धरला, आणि फर्ग्युसनही एक काम शांतपणे करीत राहिले. आल्याबरोबर त्यांनी शाळकरी मुलांचा शोध घेणारी माणसे वाढवली होती. रायन गिग्ज नावाच्या मुलाच्या चौदाव्या वाढदिवशी ते स्वतः त्याच्या घरी गेले होते. गावोगावचे रोजचे निकाल वाईट येत असताना, चार वर्षांनी उपयोगी पडणाऱ्या मुलांसाठी वेळ काढायला छाती लागते. १९९२ मध्ये याच मुलांनी इंग्लंडचा युवक कप जिंकला. १९९३ मध्ये युनायटेडने २६ वर्षांनी लीग जिंकली.

१९९५ च्या उन्हाळ्यात फर्ग्युसन यांनी तीन नामांकित खेळाडू जाऊ दिले आणि ही पोरे संघात घेतली. पहिलाच सामना ॲस्टन व्हिलाने ३-१ असा जिंकला. दूरदर्शनवर एका जुन्या नामवंत खेळाडूने शेरा मारला की पोरासोरांना घेऊन काही जिंकता येत नसते. त्या दिवशीचा युनायटेडचा एकुलता एक गोल बदली म्हणून आलेल्या डेव्हिड बेकहॅम नावाच्या पोराने केला होता. हंगाम संपला तेव्हा लीग आणि एफ. ए. कप हे दोन्ही त्या पोरांच्या हाती होते.

आणि शेवटी २६ मे १९९९ ची बार्सिलोनातील रात्र. युरोपातल्या विजेत्या क्लबांचा अंतिम सामना बायर्न म्युनिकशी होता. सहाव्या मिनिटाला बायर्नने गोल केला आणि नव्वद मिनिटे संपेपर्यंत तो फिटला नव्हता. पंचांनी तीन मिनिटे जादा दिली. त्या तीन मिनिटांत युनायटेडने दोन गोल केले. पहिला टेडी शेरिंगहॅमचा, दुसरा ओले गुन्नार सोल्शायरचा. दोघेही बदली खेळाडू होते. त्या संध्याकाळी यादी वाचली गेली तेव्हा दोघांचीही नावे पहिल्या अकरांत नव्हती. आपल्याला वगळले म्हणून ते बाकावर तोंड फिरवून बसले असते तर? किंवा ‘तुमचेही काम आहे’ हे त्यांना कोणी सांगितलेच नसते तर? फर्ग्युसन २०१३ साली निवृत्त झाले तेव्हा मँचेस्टरमध्ये २६ वर्षांत ३८ करंडक जमा झाले होते, त्यांत १३ वेळा लीग होती. आकडे मोठे आहेत. पण मला त्यांत सर्वांत मोलाची वाटतात ती ही तीन मिनिटे.

वेळ संपत आली आहे, म्हणून तिघांना तीन विनंत्या करतो आणि आपली रजा घेतो.

विद्यार्थ्यांनो, आज तुमचे नाव वाचले गेले नसेल. वाईट वाटू द्या, वाटलेच पाहिजे. पण यादी ही त्या दिवसापुरती असते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर या. आणि मनात शंका असेल तर सरळ शिक्षकांच्या खोलीत येऊन विचारा, ‘सर, मी कितवा आहे?’ तो तुमचा हक्क आहे.

पालकांनो, मुलगा एकदा मागे पडला की त्याला लगेच कामाला लावण्याची घाई करू नका. कामाला लावायचेच असेल तर हातातले शिक्षण पुरे होऊ द्या. आणि मुलींच्या बाबतीत तर ही घाई आपण फारच करतो, एका गुणपत्रिकेवर त्यांची शाळा सुटते. गोव्हनच्या त्या कामगाराच्या घरात पैसा आपल्यापेक्षा जास्त नव्हता, धीर मात्र होता. मुलाने खोटे केले तेव्हा आईने त्याला पाठीशी घातले नाही आणि मुलगा मागे पडला तेव्हा टाकलेही नाही.

आणि माझ्या शिक्षक बांधवांनो, आपण याद्या करणारी माणसे आहोत. वर्गनायकाची यादी, सहलीची यादी, नाटकाची यादी, पहिल्या तुकडीची यादी. याद्या कराव्याच लागतील. पण बोर्डावर कागद लावण्यापूर्वी, ज्याचे नाव त्यात नाही त्याला बोलावून पाच मिनिटे बसवा. तो कितवा होता ते सांगा. काय कमी पडले ते सांगा. आपला निर्णय चुकलेला असू शकतो, हेही सांगायला लाजू नका. मी गेली काही वर्षे हे करतो. मुले रडतात, रागावतात, एकदोघे माझ्याशी महिनाभर बोललीही नाहीत. पण सोमवारी शाळेत येतात.